जांभळाखालची जागा

ताईच्या घरमालकाचा फोन आला तेव्हा मी अर्धी दाढी करून उभा होतो. "साब, आपकी बहन गुजर गए," तो म्हणाला. सकाळी तिनं चहा ठेवला, खुर्चीत बसली आणि संपलं. खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की तिच्या ट्रंकेची किल्ली आता कुणाकडे... रडू नंतर आलं. आयुष्य रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेलं माझं. पेटीवर आंबे लिहिलंय म्हणजे आत आंबेच असतील असं नाही, हे त्या नोकरीनं शिकवलं, आणि ती सवय मी घरी घेऊन आलो.

विमलताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. आबिड्सजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, तिथंच दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. वडिलांचं तारनाक्याचं घर माझ्याकडे होतं. रविवार उजाडला की ती शहराबाहेरच्या एका राईत जायची, कधीकधी मलाही ओढून न्यायची. मोठाल्या खडकांमधून वाहणारा ओढा, काठानं करंज, जांभूळ, उंबर, खाली घोटा बुडेल इतका पाला. ती तिथं चक्क मांडी घालून बसायची आणि गवताचे झुबके दाखवायची. "गवत नाही रे मधू, लव्हाळा आहे. दांडा बोटांत फिरवून बघ." फिरवला, तर तीन कडा लागल्या. "गवत गोल लागतं, हा तिधारी. आणि शेतातल्या लव्हाळ्यासारखा हा कुठंही माजत नाही हं. झाडाची सावली, कुजका पाला आणि ओल, तिन्ही लागतं याला." मी म्हटलं, "नखरे फार आहेत याचे." "तुझ्यापेक्षा कमीच," ती हसून म्हणाली. एखादा दांडा ती जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची आणि खाली चिठ्ठी डकवायची. नाव, जागा, शेरा. जागा खोटी लिहिली तर झाडच खोटं, असं तिचं म्हणणं.

मग देशात सगळं खुलं झालं. कंपन्या येणार, कंपन्या येणार म्हणत शहराबाहेरच्या माळावर पांढरे दगड रोवले गेले आणि जो तो प्लॉटचं बोलू लागला. आमच्या गल्लीतही दलाल फिरायला लागले. त्यातला एक ओसरीवर बसून, छताकडे बघत मला म्हणाला, "साब, कभी बेचना है तो बहन की भी दस्तखत लगती." झालं! किडा डोक्यात शिरला. आणि नेमकी त्याच आठवड्यात, रविवारी ताई रिक्षातून उतरली ती बेगम बाजारातली मसाल्याची जुनी पोती घेऊन, आत मातीसकट उपटलेले गड्डे. धण्यांचा वास आणि चिखल, असं काहीतरी विचित्र घरभर पसरलं. "राई तोडतायत रे. मिळेल तेवढा लव्हाळा आणलाय. मागच्या जांभळाखाली लावते, न्हाणीचं पाणी तिकडंच जातं ना?" जाताना तिनं बजावलं, "त्या कोपऱ्याला हात लावू नकोस." लव्हाळा म्हणे! रिक्षा करून कुणी गवत आणतं? मला वाटलं, आज कोपरा, उद्या अर्धं घर. पुढं दर रविवारी ती येऊन तिथं बादली ओतायची आणि मी खिडकीच्या आडून बघत असायचो...

शेवटी मी गवंडी बोलावला आणि तो कोपरा शहाबादी फरशीनं झाकून टाकला. रविवारी ताई आली आणि मागच्या दारातच थबकली. "पाय घसरायचा तिथं," मी म्हणालो. ती भांडणार म्हणून मी पूर्ण तयारीत होतो, वकीलसुद्धा गाठून ठेवला होता. ती फक्त म्हणाली, "चहा टाक." चहा घेऊन तिनं बादली भरली आणि फरशीच्या सांध्यांवर सावकाश पाणी ओतलं. त्यानंतर दर रविवारी तेच, अगदी शेवटच्या रविवारपर्यंत. मी मनात म्हणायचो, बघा, हक्क काही सोडत नाही बाई!

तेरावं झाल्यावर ट्रंक उघडली. घरासंबंधी काहीतरी कागद असणार याची मला खात्रीच होती. कागद निघाले, ढीगभर निघाले, पण प्रत्येकावर वाळलेल्या काड्या शिवलेल्या. सगळ्यात वरच्या कागदावर तो तिधारी दांडा होता. खाली तिचं गोलसर अक्षर... 'जागा: तारनाका, भावाच्या घरामागे, जांभळाखाली. मूळ राई तोडली गेली, अन्यत्र आढळला नाही. शेरा: इथे सुरक्षित.' मी तो कागद उलटून बघितला, मागं आणखी काही लिहिलंय का म्हणून. जळली मेली ती सवय! मागं कोरं होतं. मग मात्र ट्रंकेला टेकून मी ढसाढसा रडलो. इतकी वर्षं तिनं मला जे सांगितलं, ते सगळं शब्दन्‌शब्द खरं होतं.

फरश्या मी स्वतः पहारीनं उचलल्या. आता तीन आठवडे झाले. जिथं जिथं सांधे होते, तिथं ओळीनं हिरवी पाती फुटली आहेत. लव्हाळा आहे की गवत, ते दांडा वर आल्याशिवाय कळायचं नाही. मी काही उपटत नाही. रविवारी बादली ओततो. परवा कामवाली खुरपं घेऊन मागं गेली आणि तिथूनच तिनं विचारलं, "साब, ये कचरा निकाल दूं क्या?"

"नक्को! उस कोने को हाथ नक्को लगाओ," मी जवळजवळ ओरडलोच.

खुरपं हातात तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. या म्हाताऱ्यानं इथं काय पुरून ठेवलंय, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.