काळ्या कोंबडीचं पांढरं पिल्लू

काल काळ्या कोंबडीखालून एक पांढरं पिल्लू निघालं. कोंबडाही काळाच आहे. पांढऱ्या कोंबड्या बायकोच्या होत्या. "अहो, एक तरी ठेवा," म्हणायची. मी हट्टाने सगळ्या बाजारात विकल्या, त्यांची काळी पिल्लं तेवढी ठेवली. आता ती नाही.

सून म्हणाली, "मामा, हे आत्याबाईंच्या कोंबड्यांचं रक्त. रंग आत दडून राहतो."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

पण जे मी घराबाहेर काढलं, ते माझ्याच काळ्या कोंबड्यांच्या पोटात गुपचूप राहिलं होतं. हे आता दाखवू कुणाला?

पांढरं पिल्लू घारीला लांबून दिसतं. सकाळपासून काठी घेऊन अंगणात बसलोय. सुनेला सांगितलं, उन्हाला बसलोय.