मागचा पत्रा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पाटी लागली. 'ही जागा वाहनांसाठी आहे, स्मारकांसाठी नाही.' खाली नाव कुणाचं नव्हतं, पण ताडपत्री घातलेली गाडी सगळ्या पार्किंगात एकच. माझी जीप. पाटी लावणारा आमचा चेअरमन म्हणजे कर्वेनगरचं घर विकून इकडं हडपसरला राहायला आलेला माणूस. माझी बायको गेली तेव्हा वर येऊन सोफ्यावर बसला होता, चहा घेतला होता, काही लागलं तर हक्कानं सांगा म्हणाला होता. दुःखाचे दिवस सरले न सरले तोवर पाटी.

मी चौथीपर्यंत शिकलोय. पाटी वाचता येते. लिफ्टमध्ये त्याला विचारलं, स्मारक म्हणजे मेलेल्या माणसाचं असतं ना? तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका आबा. नियम सगळ्यांना सारखेच." तो रोज जिथं गाडी लावतो तिथं आमचा मेथीचा वाफा होता. त्याला हे सांगून उपयोग नव्हता. त्याला मेथी फक्त पिशवीतली माहीत.

जमीन गेली ती रडत गेली नाही, हे आधीच सांगतो. भावांनी सह्या केल्या, मीही केली, बिल्डरनं फ्लॅट दिले. बायको तेवढी म्हणाली होती की चौथ्या मजल्यावर कोथमीर कुठं लावायची. तिनं बाल्कनीत कुंडीत लावली. ती काडीसारखी यायची. तिनं ती कधी खाल्ली नाही, नुसतं पाणी मारत बसायची.

जीप त्या आधीची. आमचं हेच रान, गावापासून कॅनॉलच्या पलीकडं. पावसाळ्यात तिथला रस्ता म्हणजे नुसता गाळ. टेम्पोवाले वरच्या सडकेवर उभे राहून हॉर्न वाजवायचे, खाली यायचे नाहीत. आम्ही दोघं जुड्यांचे भारे डोक्यावरून वर न्यायचो आणि माल निम्मा तिथंच मरायचा. म्हणून सरकारी लिलावातली जुनी जीप घेतली. एक लिव्हर टाकलं की चारी चाकं ओढायची. लोक हसले. शेतकऱ्याला टेम्पो पाहिजे, हा साहेबाची गाडी घेऊन आला. पण भर पावसात मार्केट यार्डात वेळेवर माल कुणाचा, तर माझा.

मी पुढं गाडी चालवायचो आणि ती मागं बसायची. पुढची सीट रिकामी असली तरी मागं. कारण पालेभाजीचं असं असतं की ती तोडली की मरायला लागते. कोथिंबीर सगळ्यात आधी. यार्डात आडत्या शेकड्याला भाव काढतो आणि जुडीची मान जरा जरी पडलेली दिसली की तोंड फिरवतो. म्हणून माझी बायको मागं डाव्या कोपऱ्यात, मागं उघडतो त्या फाळक्याला पाठ लावून बसायची. पायाशी तोंड कापलेला तेलाचा पत्र्याचा डबा, पाण्यानं भरलेला. हडपसरपासून यार्डापर्यंत ती त्यातलं पाणी हातानं जुड्यांवर शिंपडायची. फातिमानगरच्या चौकात डबा संपला की पत्र्यावर थाप मारायची. मी गाडी थांबवायची, ती हॉटेलाच्या नळावरून डबा भरून आणायची. थापा दोन पडल्या तर तिला आडोशाला जायचं असायचं. ते मी विचारायचो नाही, ती सांगायची नाही.

मी तिला कायम ओरडायचो. पाणी कमी मार, पत्रा सडंल. ती म्हणायची, "पत्रा काय बाजारात इकायचाय व्हय? कोथमीर इकायचीय." असं वर्षानुवर्षं चाललं. ती ऐकणारी बाई नव्हती. मला आता लोक सांगतात, जाऊ द्या, माणूस गेल्यावर असं बोलू नये. का बोलू नये? मी खरंच बोलत होतो. पत्रा सडलाच.

शेवटी तिच्या किडन्या गेल्या. डॉक्टरनं पाणी तोडलं. दिवसाला एवढंच, म्हणून वाटी ठरवून दिली. जिनं जन्मभर हाताला येईल तेवढं पाणी उधळलं, तिला वाटीनं पाणी. सून मोजून द्यायची आणि बिचारी शिव्या खायची. मी मध्ये पडलो तर मलाही. एकदा बाल्कनीतल्या कुंडीला पाणी घालायच्या निमित्तानं तांब्या मागितला आणि कुंडीत घातलासुद्धा, एक थेंब प्यायली नाही. सून दारात उभी राहून बघत होती. तिला म्हणाली, "बगतीस काय, चोरी न्हाई केली." वैशाखात गेली. माझ्या आधी जायचं तिला काही कारण नव्हतं. मी मोठा, दमा मला, बिड्या मी ओढल्या.

तर पाटी लागल्यावर पोरगा म्हणाला, आबा, ती जीप आता स्क्रॅप करू. पोरगा कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. भंगारात घालू म्हणायचं नाही, स्क्रॅप म्हणायचं, म्हणजे लागत नाही. मी म्हणालो, दुरुस्त करायची. तो म्हणाला, कशाला, कोण चालवणार, तुमचं लायसन पण संपलंय. मी म्हणालो, चालवायची नाही, दुरुस्त करायची. तो फोन बघायला लागला. असं आठ-पंधरा दिवस घरात चाललं. जेवताना जीप, चहाला जीप. सून मध्ये पडायची नाही, पण माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढायची, त्यावरून कळायचं ती कुणाच्या बाजूची.

मी मार्केट यार्डाजवळच्या जुन्या मिस्त्रीला बोलावलं. यानं माझ्या जीपचं सगळं केलेलं, क्लचपासून छतापर्यंत. आता त्याचं गॅरेज त्याचा जावई बघतो आणि हा बाहेर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतो. बोलावल्यावर लगेच आला. ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं, बरोबर आणलेली बॅटरी जोडली, काय काय पुसलं, फुंकलं, पेट्रोल ओतलं. पोरगा जिन्यात उभा राहून हसत होता. दोन-चारदा नुसती खोकली आणि मग जीप चालू झाली. सगळं पार्किंग धुरानं भरलं. चेअरमन वरून डोकावला. मला लय बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

मग मिस्त्री मागं गेला. फाळका पाडला, पान्ह्याच्या टोकानं पत्रा ठोकत आला. पुढं टणटण वाजत होता. मागं आवाज बसका होत गेला आणि डाव्या कोपऱ्यात पान्हा सरळ आरपार गेला. त्यानं अजून एकदा मारला, पापड मोडावा तसा पत्रा खाली पडला. भोकातून फरशी दिसायला लागली. त्यानं खाली वाकून बघितलं.

"इंजिनाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "पण मागचं सगळं गेलंय. गंजानं चासीपण खाल्लीय या बाजूची. पाणी वाहायचात का काय गाडीतून?"

मी म्हणालो, मी नाही वाहायचो.

तो समजला. यार्डात त्यानं तिला बघितलेलं होतं. मग कामाचं बोलला. सीटच्या मागनं सगळं कापून काढायचं, चासीला जोड द्यायचा, वरनं नवा पत्रा टाकायचा. गाडीला अजून वीस वर्षं काही होणार नाही, हे त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला काम पाहिजे होतं आणि काम चांगलं करायची हौसही होती.

मी भोकात हात घातला. कडेला सुतळीचा तुकडा अडकून बसला होता, जुडी बांधायच्या सुतळीचा. ओढला तर गंजासकट हातात आला.

आता गंमत ऐका. ज्या पोराला जीप नको होती, त्यानं इंजिन चालू होतानाचं शूटिंग काढून ऑफिसातल्या मित्रांना पाठवलं होतं. रात्री जेवायला बसलो तर त्याचं तोंड फुललेलं. "आबा, सॉरी, तुम्ही राइट होता. ही तर एकदम क्लासिक आहे. फुल रिस्टोअर करू." गाडी काळ्या रंगाची करायची, चिखलात घालायची ती रुंद टायर टाकायची, मागची बाकं काढून टाकायची, तिथं लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि शनिवार-रविवारी मित्रांबरोबर डोंगरात जायचं. त्याच्या ऑफिसातली पोरं म्हणे त्यासाठी अशा जीपा शोधत हिंडतात. म्हणजे ज्या गाळातून आम्ही जन्मभर बाहेर पडायला बघत होतो, त्यात हे सुट्टीच्या दिवशी हौसेनं जाणार.

सून पोळी वाढता वाढता म्हणाली, "आईंचा तो कोपरा तेवढा तसाच ठेवा ना."

पोरगा म्हणाला, "आईचा कोपरा काय त्यात? सडका पत्रा आहे तो. तो तर आधी काढावा लागेल."

वाईट मनानं नाही म्हणाला. उलट खुशीत होता, बाप जिंकला म्हणून. आणि त्याचं बरोबरच होतं. मिस्त्रीनं तेच सांगितलं होतं, मी ते दुपारपासून डोक्यात घेऊन बसलो होतो आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला नीट कळलं. मी जिच्यासाठी भांडत होतो, ती दुरुस्ती म्हणजे तिचं बसायचं ठिकाण कापून टाकायचं आणि बाकीची जीप ठेवायची. बाकीच्या जीपला मी काय करू? पुढं तर मी बसायचो.

मी म्हणालो, "भंगारात घाल."

तो आधी हसला. मग चिडला. एवढे दिवस मला वेड लावलं, आता मी तयार झालो तर तुम्ही फिरलात, असं बरंच बोलला. तुम्हाला नक्की पाहिजे काय, असंही विचारलं. मला काय पाहिजे ते भंगारवाल्याकडं नाही आणि मिस्त्रीकडंही नाही. पण असलं जेवणाच्या टेबलावर बोलत नाहीत. मी एवढंच म्हणालो, गाडी माझ्या नावावर आहे, अख्खीच्या अख्खी जाईल, कापून नाही. मिस्त्रीला फोनवर सांगितलं तर त्यानं फोनच ठेवला. अजून तो माझ्याशी बोलत नाही. पोरगा हळूहळू बोलायला लागलाय, कामापुरता.

न्यायला आले त्या दिवशी सकाळी मी बादली भरून खाली नेली. हाताला जड लागते, दम लागतो, वॉचमन धरायला आला, त्याला नको म्हणालो. फाळका पाडला आणि डाव्या कोपऱ्यात हातानं पाणी मारायला लागलो. जमत नव्हतं. तिचं पाणी जुडीवर पावसाच्या भुरभुरीसारखं पडायचं, माझं एका जागी धप्पकन पडत होतं. शेवटी उरलेली सगळी बादली ओतली. पाणी भोकातून खाली आलं, तांबडं, आणि फरशीवरून चेअरमनच्या गाडीखाली गेलं.

भंगारवाला साखळी लावत होता. तो म्हणाला, "चाचा, तोडायला चाललीय गाडी. धुताय कशाला?"

मी म्हणालो, "सडू दे म्हणून."

त्यानं साखळी ओढली. जीप चाकांवरच गेली, गेटपर्यंत पाणी गळत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्याला नवी पाटी होती. 'पार्किंगमध्ये पाणी सांडू नये. डाग पडतात.' डाग पडलाय खरा. वॉचमननं दोनदा घासला, निघाला नाही. आता त्याच्यावर कुणीतरी स्कूटर लावतं.