नलिनीने बरोबर ऐकलं होतं

मिरज स्टेशनवर आम्हाला पोचवायला नलिनीच्या माहेरचं सगळं घर आलं होतं. माझ्या वडिलांनी घरूनच निरोप दिला होता, "बदलीच्या गावात फार पसरू नका." नलिनीचे वडील, अप्पा, गाडी सुटेपर्यंत खिडकीचे गज धरून उभे होते. "नले, तिकडे थंडीत ऊन कसं असतं ते कळव," म्हणाले. त्यांना उन्हाला बसायची फार हौस. एखाद्या हिवाळ्यात येऊन राहा, असं मीच त्यांना म्हणालो.

बदली कलकत्त्याला होती. ऑफिस खिदिरपूरला, म्हणून जवळच एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. गल्लीवर आलेली लांब गॅलरी पाहूनच नलिनीने होकार दिला. खाली घरमालकीण राहायच्या, त्यांना आम्ही माशिमा म्हणायचो, म्हणजे मावशी. मला ऑफिसात बंगालीचे चार शब्द पुरायचे. नलिनी मात्र माशिमांच्या स्वयंपाकघरात बसून बसून त्यांच्याशी हक्काने भांडण्याइतकी बंगाली शिकली.

गॅलरीची देखभाल माझ्याकडे होती. देखभाल म्हणजे काय, तर दुर्गापूजेच्या आधी कठड्याला हिरवा रंग. गंज खरवडायचा कंटाळा, म्हणून गंजावरच रंग. लाद्यांतून पाणी मुरत होतं, खालच्या बाजूला लोणा लागून गिलावा फुगला होता, एका कोपऱ्यात सळई उघडी पडली होती. पाणी जायचं भोक आमच्या कुंड्यांच्या मातीने बुजलेलं. हे सगळं मला दिसत होतं. पण पुण्याला बदली होणार, अशी कुणकुण होती. आपलं घर थोडंच आहे, वर्षभरात जाऊ, असं मी म्हणायचो. दरवर्षी तेच म्हणायचो.

एकदा माशिमांनी नलिनीला जिन्यात अडवलं. "बौमा, बारांदाटा पोड़े जाबे." सूनबाई, गॅलरी पडेल. नलिनीने वर आल्या आल्या मला सांगितलं.

"मिस्त्री लावायचा म्हणतायत. तोवर गॅलरीत कुणी जायचं नाही. अप्पा यायच्या आत उरकून घेऊ."

"म्हातारीला आपल्या जिवावर घर नवं करून हवंय."

"अहो, पडेल म्हणतायत त्या."

"दर पावसाळ्यात म्हणतात. अजून पडली का?"

त्याच हिवाळ्यात अप्पा आले. कलकत्त्याच्या उन्हात मिरजेसारखा चटका नाही, म्हणून खूश होते. रोज सकाळी गॅलरीत बंगाली पेपर उलगडून बसायचे आणि वाचता येत नसलेल्या बातम्यांवर मत द्यायचे. चौथ्या की पाचव्या सकाळी कठड्यासकट गॅलरीचा कोपरा गल्लीत गेला. त्याबरोबर अप्पाही खाली गेले. हॉस्पिटलात थोडे दिवस श्वास चालू होता, एवढंच.

नलिनीचे थोरले भाऊ वसंतराव मिरजेहून धावत आले. खाली माशिमा रडत रडत काय म्हणत होत्या, ते त्यांना कुणीतरी हिंदीत सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, "दाजी, तुम्हाला आधी सांगितलं होतं म्हणे?"

बंगालीत 'पॉरे' म्हणजे नंतर. 'पोड़े' म्हणजे पडून. आपल्या कानाला दोन्ही सारखेच. ऑफिसात 'पॉरे आशुन', नंतर या, हे मी रोज ऐकत होतो. मी म्हणालो, "हिला सांगितलं होतं. हिने 'पॉरे जाबे' ऐकलं. मिस्त्री नंतर वर जाईल, असं हिला वाटलं."

नलिनी शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. वसंतरावांना वाटलं, ती कबूल करते आहे. ते गेल्यावर तिने विचारलं, "असं का सांगितलंत?" मी म्हणालो, "आत्ता नको, नंतर बोलू." ते बोलणं आमच्यात कधी झालंच नाही.

वसंतराव पुन्हा तिच्याशी बोलले नाहीत. भाऊबीज बंद झाली. पुढे तिची आई गेली, ते आम्हाला तेरावं होऊन गेल्यावर तिसऱ्याच माणसाकडून समजलं. इकडे कलकत्त्याच्या मराठी मंडळात मात्र त्या शब्दाचा किस्सा झाला. नवीन बदलीवर कुणी आलं की त्यांना सांगतात, बंगाली जपून ऐका, नाहीतर नलिनीवहिनींसारखं व्हायचं. यंदा स्मरणिकेसाठी मला तोच किस्सा लिहायला सांगितलाय, नव्या मंडळींना उपयोगी पडेल म्हणून. म्हणून लिहितो. नलिनीने बरोबर ऐकलं होतं आणि मला बरोबर सांगितलं होतं. मलाही ते बरोबर कळलं होतं.

पुण्याची बदली कधी झालीच नाही. आता आम्ही कलकत्त्यातच, बेहालाला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. इथल्या गॅलरीत एकही कुंडी नाही. दर रविवारी मी चमच्याच्या दांड्याने गिलावा ठोकून बघतो, पोकळ वाजतो का. शेजारी हसतात. एकाने विचारलं, "काका, भाड़ा देबेन ना कि?" भाड्याने द्यायचा आहे की काय?

गेल्या महिन्यात मी मिरजेला फोन केला आणि वसंतरावांना सगळं सांगितलं. त्यांना खोकल्याची उबळ आली.

"हे मला आत्ता का सांगताय, दाजी?"

"तुम्हाला खरं कळावं म्हणून."

"आई शेवटी 'नले, नले' करत होती. फोन लागत नाही, असं मी तिला सांगत राहिलो. लावलाच नव्हता. आता ह्याचं मी काय करू?"

फोन ठेवला गेला. मी नलिनीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "दादाचा आवाज कसा होता?"

"थकलेला. जाऊ या का मिरजेला? तिकिटं काढतो."

"जाऊन कुणाच्या दारात उभं राहू? त्याने बोलावलंय का?"

बोलावलं नव्हतं.

इतकी वर्षं इथे काढल्यावर लोक विचारतात, आता घर कुठलं? मी बेहाला सांगतो. नलिनीही बेहालाच सांगते. माझ्यापुरतं ते खरं आहे, हे घर मी घेतलं, मी राखतो. तिला मात्र सांगायला दुसरं घर होतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी ते एका वाक्यात काढून घेतलं.