सगळ्यांत मागची सायकल

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये सगळ्यांत सावकाश मी चालवते. पन्नाशीनंतर सायकल शिकलेल्या बाईने आणखी काय करायचं? वाहतूक पोलिसांनी आम्हाला सांगितलं होतं, की बेफाम गाड्यांचा व्हिडिओ आणून द्या, आम्ही कारवाई करतो. तेव्हा कॅमेरा एकमताने माझ्या हँडलवर बसला. मागून येणारी गाडी आधी मला ओलांडते, मग बाकीच्यांना, त्यामुळे माझ्याकडून सगळंच टिपलं जातं. ज्या वेगाची इतकी टिंगल झाली तोच कामाला आला म्हणून मी मनातून भलतीच खूश होते.

मनवेलपाड्याहून निघून आम्ही वटारमार्गे राजोडीच्या किनाऱ्यावर जातो. वटारला रस्ता अरुंद आणि दोन्हीकडे वाड्या. एका रविवारी बाकीचे वळणाआड गेले होते, नवरा माझ्या पुढे होता, आणि तिथे पाण्याचा टँकर हॉर्न बडवत मला अगदी घासून गेला. मी कशीबशी थांबले. सायकल स्टँडला लावली आणि डोकं धरून रस्त्याकडेला खाली बसले. पुढे काय झालं ते मला दिसलंच नाही. मान वर केली तेव्हा चिखलाने माखलेला नवरा समोर उभा. टँकरने त्याला गटारात घातलं होतं. आणि खेकसला कोणावर, तर माझ्यावर! "किती मागे राहतेस गं!"

पडायचं स्वतः आणि ओरडायचं बायकोवर. मला इतका राग आला, की त्याचा गुडघा फुटलाय हेही उशिराच लक्षात आलं.

घरी व्हिडिओ लावला. टँकरचा नंबर स्वच्छ दिसला आणि आम्ही दोघांनीही तो ओळखला. आमच्याच सोसायटीला पाणी देणारा टँकर होता तो, आणि नवरा सोसायटीचा सेक्रेटरी.

"जाऊ दे, खरचटलंय नुसतं," तो म्हणाला. "ऐन उन्हाळ्यात टँकर बंद झाला तर अख्खी बिल्डिंग माझ्या नावाने शिमगा करेल."

"अहो, आणि अंगावरून चाक गेलं असतं तर? बिल्डिंगने काय केलं असतं, शोकसभा?"

मग घरात अबोला. मी नंबर दिसतो तिथपर्यंतचा तुकडा पुन्हा पुन्हा बघायचे आणि नव्याने चिडायचे. शेवटी एका सकाळी चपला घातल्या आणि चौकीकडे निघाले. तोही मागोमाग आला, बहुतेक मला परत फिरवायला.

चौकीतल्या महिला हवालदारांनी नंबर लिहून घेतला. मी नेहमी तिथेच व्हिडिओ थांबवायचे, त्यांनी चालू ठेवला. टँकर वळणाआड गेला, रस्ता रिकामा झाला आणि गटारातून नवरा वर आला. सायकलकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एका पायात बूट, दुसऱ्यात नाही, आणि तसाच लंगडत तो कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येत होता.

"काका, एवढं लागलेलं असताना उलटे का धावलात?" बाईंनी विचारलं.

नवरा टेबलाकडे बघत हळूच म्हणाला, "टँकर आधी हिच्या बाजूने गेला होता ना."

मला तिथेच रडू फुटलं. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. तक्रारीवर सही नवऱ्यानेच केली.

टँकरवाल्याला दंड झाला आणि त्याने आमच्याकडे यायचं बंद केलं. दुसरा टँकर ठरेपर्यंत सगळी बिल्डिंग खालच्या बोअरवेलवरून बादल्या वाहत होती. आम्हीही जिना चढत होतो, तो पुढे, मी मागे. खांदे भरून आले होते, तरी मी मजेत होते. इतक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन कडाडल्या, "कोणी केली हो ती तक्रार?"

मी तोंड उघडणार, तोच नवऱ्याने बादली पायरीवर ठेवली.

"मी," तो म्हणाला. "आणि वेळ आली तर पुन्हा करेन."