मुठीचा तांदूळ

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी जरा मोठ्यानंच सांगते. पितळेची भांडी घासूनपुसून चकचकीत करण्यात वडिलांच्या तळहाताच्या रेषा गेल्या, आणि आईला सही करायला मीच शिकवलं. आम्ही कुंभकोणमचे मराठी. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. एकदा पुण्याहून आलेल्या एक बाई आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या होत्या, "तुमच्या मराठीनं अजून डोक्यावरचा फेटा उतरवलेला दिसत नाही." आमच्या देव्हाऱ्यात विठोबा आहे. आणि शनिवारी सकाळी मी चर्चमध्ये असते.

त्याचं कारण टीचर. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या चर्चच्या ओसरीवर मुलांना गणित शिकवायच्या, फुकट, आणि कोण कुठल्या देवाचं हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला नोकरी लागली तेव्हा मी मिठाईचा पुडा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पुडा बाजूला सारला. म्हणाल्या, "मला साखर आहे. तुझा शनिवार मोकळा असतो ना?"

त्यांच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. घरातल्या बाईनं भाताला तांदूळ मोजून घेतला की पातेल्यात टाकण्याआधी त्यातून एक मूठ काढायची आणि वेगळ्या डब्यात ठेवायची. रविवारी तो डबा चर्चमधल्या पोत्यात रिकामा करायचा. तमिळमध्ये याला पिडि अरिसी म्हणतात, म्हणजे मुठीचा तांदूळ. पूर्वी हा तांदूळ विकून पैसे चर्चच्या कामाला लावत. मग मंडळीनं ठरवलं की तो शिजवायचाच, आणि महामहम तळ्याच्या काठाला, बसस्टँडच्या आडोशाला जी माणसं झोपतात त्यांना शनिवारी दुपारी पान मांडून जेवू घालायचं.

पहिल्या शनिवारी आमची चांगलीच फजिती झाली. पोत्यात सगळ्या घरांचा तांदूळ एकत्र होता: उकडा, साधा, जुना, नवा, कुणाचा तर इडलीचा. आम्ही तो तसाच धुऊन हंड्यात टाकला. अर्ध्याची पेज झाली आणि अर्धा दाताखाली कडकड वाजत राहिला. पाळक पहिला घास घेऊन बराच वेळ चावत बसले आणि मग म्हणाले, आमच्या मंडळीचं ऐक्य अजून शिजायचंय. त्यानंतर दोन पोती आली, एक उकड्याचं, एक साध्याचं. हळूहळू बाकीचंही मार्गी लागलं. कुणी चटया दिल्या, कुणी चादरी, मंडळीतल्या एक नर्सबाई जेवणाआधी सगळ्यांचे पाय तपासू लागल्या. एका घरानं खिडकीचे पडदे पाठवले. ज्यांना खिडकीच नाही त्यांना पडदे कशाला, म्हणून आम्ही हसलो, तर एका म्हाताऱ्यानं त्यांची छान लुंगी केली.

फक्त एक पाट्टी येत नव्हती. पाट्टी म्हणजे आजी. चर्चच्या समोर बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर ती राहायची. तिरुनीलक्कुडीकडची, भाताच्या लावणीला जाणारी बाई. नवरा गेल्यावर घर दिरांनी घेतलं. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस होता, आणि चर्चची घंटा वाजली की ती पायरीवरच डोक्यावर पदर घ्यायची. पण जेवायला बोलावलं की मान हलवायची. आम्ही पुडा बांधून नेऊन दिला, तर तो तिनं शेजारी झोपणाऱ्या फुगेवाल्याला दिला. चहा तेवढा घ्यायची, कधी मंदिराबाहेर मिळालेलं केळं खायची. पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. ताप उतरला, पण ती उठून बसायला भिंत धरू लागली. नर्सबाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, हिच्या पोटात अन्न गेलं नाही तर औषधाचा उपयोग नाही.

कुणी म्हणालं ताठा आहे. कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झालाय. मला पहिलं पटलं, कारण ताठा मला ओळखता येतो, तो माझ्या घरचाच आहे. मी पायरीवर तिच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ ती माझ्या चपलांकडे बघत होती. मी सरळच विचारलं, आमच्या हातचं का खात नाही?

"तुझ्या हाताला काय झालंय," ती म्हणाली. "तो भात मुठीचा आहे ना? मी लग्न होऊन आले तेव्हापासून मूठ काढल्याशिवाय जेवले नाही. घरात पाणीभातापुरतं असलं तरी काढली. आता चूल नाही. मूठ कशातून काढू, सांग. आणि न काढता दुसऱ्यांच्या मुठी खात बसू?"

पदवीच्या वर्गात असलं काही शिकवत नाहीत.

संध्याकाळी घरी आईला सांगितलं. ती भांडी पालथी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "कावळ्याला घातल्याशिवाय मी कधी जेवले का? तुम्ही तिला पानावरच बसवायला निघालात. आधी चुलीपाशी न्या."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी हे मंडळीपुढं ठेवलं. म्हटलं, शनिवारी हंड्यात तांदूळ पडण्याआधी पाट्टीला मूठ काढू द्या. चर्चच्या वस्तूंची देखरेख करणारे एक अण्णा आहेत, मनानं चांगले, पण हिशेबी. ते म्हणाले, पोत्यातला तांदूळ काढायचा आणि पोत्यातच टाकायचा, याला दान कसं म्हणायचं? आज ती, उद्या सगळे मुठी काढतील, मग हंड्यात उरणार काय? लोक हसले. मलाही थोडं हसू आलं, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं.

टीचर हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अण्णा, शनिवारी तिच्या पानावर जो भात वाढणार, तो कुणाचा?"

"तिचा," अण्णा म्हणाले.

"मग तिच्या वाट्यातून ती काय काढते ते तिला बघू दे."

शनिवारी माप धुऊन पुसून अण्णांनीच आणून ठेवलं.

पाट्टी येईल की नाही याची मला खात्री नव्हती. ती आली. नळावर डोकं धुतलेलं, केस ओले, एका बाजूनं फुगेवाल्यानं धरलेली. चुलीजवळ पोचल्यावर तिनं त्याचा हात सोडला. टीचरनी तिच्यापुढं सुपात तांदूळ ठेवला. पाट्टीनं आधी तांदूळ वरखाली केला, एक खडा काढून फेकला, मग मूठ भरली. तापानं हात इतका बारीक झाला होता की मुठीत तांदूळ मावला असेल घासाएवढा. ती तशीच मूठ छातीशी धरून उभी राहिली. ओठ हलत होते. कुणी घाई केली नाही, चुलीवर पाणी खळखळत होतं तरी. मग उकड्याच्या पोत्यावर हात नेऊन तिनं बोटं एकेक करून उघडली, आणि हाताला चिकटलेले दाणेही झटकले.

अण्णा म्हणाले होते तसंच झालं. फुगेवाला पुढं आला, त्याच्यामागं पडद्याची लुंगी नेसलेला म्हातारा. हंडा त्या दिवशी थोडा उणा भरला. मंडळीतल्या बायकांनी आपापली पानं हलकी वाढून घेतली.

पाट्टी माझ्या शेजारी बसली. तिचा पहिला घास मला बघायचा होता, पण ती माझ्याकडेच बघत होती.

"तू काढलीस का मूठ?"

मी नाही म्हटलं. मी फक्त वाढते, असं काहीतरी पुटपुटले.

"एवढी शिकलेली," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. हळूहळू, मध्ये थांबत, पण पान पुसून जेवली. भात पुन्हा मागून घेतला. आणि हात धुवायला उठता उठता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की आजचं रसम फार पाणचट झालंय, केलं कुणी?

रसम अण्णांच्या बायकोनं केलं होतं.