लग्नाच्या घोडीवरून शाळेत

मी पाचवीला घोडीवरून शाळेत जायची, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे घरचं चांगलं होतं वाटतं?" घरचं चांगलं! अहो, आमच्या दारात कोंबडी दिसली तर ती शेजारणीची चुकून आलेली असायची. घोडीवर मला कुणी हौसेनं बसवलं नव्हतं. मला शाळेत जायचं होतं आणि माझे पाय जात नव्हते, एवढंच.

गाव वडीगोद्रीच्या पुढं, सडकेला लागून. नाव सांगत नाही, माझी भाचरं अजून तिथंच नांदतात. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या एका टोकाला आणि हायस्कूल दुसऱ्या टोकाला, सडकेजवळ. मधे सगळं गाव. वेशीतून आत शिरायचं, वरच्या आळीतून जायचं, बाजारपट्टी ओलांडली की शाळा. दुसरा रस्ता गावाबाहेरून ओढ्यातला, पण पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल.

मी दोन वर्षांची असताना ताप आला. तो उतरताना माझा उजवा पाय घेऊन गेला आणि डावा अर्धाच ठेवून गेला. मी हातांवर जोर देऊन ढुंगणावर सरकत चालायची. त्यामुळं लहानपणी मला माणसं त्यांच्या पायांवरूनच ओळखू यायची. बाया म्हणायच्या, "मागच्या जन्मीचं काहीतरी असंल." माय लग्न होऊन आली त्याच साली सगळ्या वस्तीनं धर्म बदलला होता. ती फाडकन सांगायची, "मागचा जन्म आम्ही बिलकुल मानत न्हाई. ह्या जन्मीचं बोला." बायांची तोंडं गप्प व्हायची. तेवढ्या वेळापुरती.

चौथीपर्यंतची शाळा वस्तीला लागूनच होती. माय मला कडेवर घेऊन तिथं सोडायची आणि खुरपायला जायची. बाप कालव्याच्या कामावर पैठणकडं, तो सणावाराला यायचा. चौथी झाली तेव्हा मी अकरा वर्षांची, अंगानं भरलेली. कडेवर मावेना, पाठीवर पेलवेना. एकदा मला घेऊन माय वेशीपाशी मटकन खाली बसली आणि तिला उठताच येईना. वस्तीतली जाणती माणसं म्हणाली, पोरगी चार बुकं शिकली, बास झालं, गोधड्या शिवायला घाला. मी तीन दिवस जेवले नाही. रागीट मी जन्माचीच आहे, त्याला इलाज नाही.

वस्तीच्या पलीकडं घोडीवाल्या मुसलमान म्हाताऱ्याचा, आम्हा सगळ्यांच्या चाचांचा, तबेला होता. तबेला म्हणजे एक छप्पर, एक आवार आणि एक पांढरी घोडी. ती लग्नाची घोडी. आजूबाजूच्या गावांतले नवरदेव तिच्यावर बसून मिरवायचे. आमच्या वस्तीतला नवरदेव मात्र नाही. तो वेशीतून घोडीवर बसून यायचा नाही, असा गावचा दंडक होता, आणि चाचांना तसं बजावून ठेवलेलं होतं. चाचांना त्याच गावात धंदा करायचा होता.

आषाढी झाली की लग्नं बंद. तुळशीचं लग्न लागेपर्यंत घोडीला काम नाही. उभी राहून तिचे सांधे आखडायचे आणि ती चिडखोर व्हायची. चाचांना एक नातू होता, त्याचे हातपाय जन्मापासून लाकडासारखे ताठ, मानही धरत नव्हती. एका चातुर्मासात चाचांनी घोडीला फिरवताना त्याला पुढ्यात घेतलं. पोरगं दिवसभर किंचाळायचं, ते गप्प झालं आणि त्याच्या मांड्या सैल पडल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग शेजारच्या गल्लीतली एक मुकी-बहिरी मुलगी आली, भोकरदनकडून माहेरी आलेल्या एका बाईनं तिचं पोलिओचं पोर आणलं, आणि मायनं मला नेलं. मोबदला म्हणजे येताना एक गवताची पेंढी आणायची. त्या आवाराला कुणी नाव दिलं नव्हतं. गावातली मोठी माणसं त्याला "लंगड्यांची सर्कस" म्हणायची. म्हणोत बापडी. त्या सर्कशीत आम्ही राजे होतो.

घोडीची एक खोड होती. वाजल्याशिवाय ती पाऊल उचलायची नाही. बँडच्या पुढं चालायची सवय लागलेली. वाजंत्री थांबली की उभी, वाजली की चालू, तेही सावकाश, ठुमकत. आमच्यासाठी ते बेष्टच होतं. रॉकेलचा रिकामा डबा घेऊन ती बहिरी मुलगी आवाराच्या मधोमध बसायची आणि वाजवायची. तिला काही ऐकू येत नव्हतं, ती घोडीच्या खुरांकडं बघून ठेका धरायची. एकदाही चुकली नाही. पाठीवर खोगीर नाही, नुसतं दुहेरी पोतं. मायनं मला जुन्या लुगड्यानं घोडीला बांधायचं म्हटलं तर चाचा खेकसले, "बांधना नई! बांधी हुई बच्ची बैठना कब सीखेगी? पीठ सीधी रख बेटी. डर गई तो आयाल पकड."

पहिल्या दिवशी मी दोनदा कलले आणि दोन्ही वेळा चाचांच्या खांद्यावर आपटले. पंधरवड्यानं कलायची थांबले. पोत्यातून घोडीची ऊब मांड्यांना लागायची, तिच्या चालीनं कंबर हलायची आणि मणक्याला आपोआप ताठ राहावं लागायचं. माझा पाय त्यानं बरा झाला नाही. आजही तो तसाच आहे, काठी आणि मी, दोघी सोबत म्हाताऱ्या झालो. पण मी ताठ बसायला तिथं शिकले. आणि वरून बघायला. एका दुपारी कुंपणाच्या पलीकडून गावातला एक बडा शेतकरी गेला. त्याच्या शेतात माय कापूस वेचायची. मला तोवर त्याची फक्त पायताणं ठाऊक होती, करकर वाजणारी. घोडीवरून मला त्याच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. मी एवढी हसले की चाचा म्हणाले, "क्या हुआ, भूत देखा क्या?"

शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. मी मायला म्हटलं, "घोडीवरनं जाते शाळेत."

माय माझ्याकडं बघत राहिली. "वेशीतनं?"

"मंग काय ओढ्यातनं? चिखलात घोडी घसरली तर मी काय उडी मारू?"

दुसऱ्या दिवशी ती सकाळी चाचांकडं गेली. चाचांनी आधी कानावर हात ठेवले. मग घोडीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "मैं साथ नई आता. लेकिन चार महिने ये घोडी बच्चों की है. ले जाव." डबा मायनंच घेतला. आमच्या लोकांनी गावापुढं वाजवणं धर्म बदलला तेव्हाच सोडलं होतं, आणि आता ही बाई डबा बडवत गावात शिरणार म्हणून वस्तीतली दोन-चार माणसं तिच्यावर तडकली. माय म्हणाली, "गावासाठी वाजवून न्हाई राह्यले. पोरीसाठी वाजवून राह्यले." आणि निघाली.

माय पुढं, डब्यावर काठीनं ठेका धरून. मागं घोडी, ठुमकत. वर मी, दप्तराची पिशवी गळ्यात, डोक्यावर बापाचं पांढरं उपरणं, कारण पाऊस भुरभुरत होता.

आता तुम्हीच सांगा, लांबून हे काय दिसेल? ठेका, पांढरी घोडी, डोक्यावर पांढरं, वस्तीकडून वेशीत येतंय. गावाला वाटलं, वरात आली! आम्ही चातुर्मास पाळत नाही, आमच्यात तेव्हाही लग्नं होतात, हे गावाला माहीत होतं. वस्तीनं दंडक मोडला आणि नवरदेव घोडीवर बसवून आणला, अशी हाकाटी आमच्या आधी आळीत पोचली. आम्ही अरुंद आळीत शिरलो तर समोर दहा-बारा बाप्ये रस्ता अडवून उभे. काहींच्या हातात काठ्या. सगळ्यांच्या पुढं तोच टकल्या, मायचा शेतमालक.

"थांबव ते!" तो ओरडला.

मायचा हात थांबला. घोडीही जागच्या जागी थांबली. मी उपरणं मागं सारलं. नवरदेवाच्या जागी दोन वेण्या घातलेली पोरगी बघून त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. पण इतकी माणसं इतक्या तावातावानं जमल्यावर तशीच परत कशी जाणार? नवरदेव नसला म्हणून काय झालं, घोडी तर होती आणि तिच्यावर आम्ही होतो.

"हे काय नाटक लावलं गं?" मालकानं मायला विचारलं.

"पोरीला शाळंत घेऊन चालले, मालक."

"घोडीवर? गावातनं? फिरव मागं."

"ती मागं फिरत न्हाई," माय म्हणाली.

"फिरत न्हाई म्हंजे?"

"तुमच्याच लेकाची वरात हिच्यावरनं निघाल्ती. मागं फिरल्ती का?"

हे खरंच होतं. वरात मागं फिरवणं अपशकुनी, म्हणून चाचांनी घोडीला रस्त्यात मागं वळायची सवयच लावली नव्हती. आळीतल्या निम्म्या बाप्यांनी स्वतः त्या पाठीवर बसून हे पाहिलेलं. त्यांना नाही कसं म्हणता येणार? मालकाची मान लाल झाली.

"मंग उतरव तिला. घोडी राहू दे हितंच. पोरीला पायी ने."

मायनं डबा खाली घेतला. काठी तिच्या हातात होती, पण हात खाली लोंबत होता. ज्याच्या शेतात रोज जायचं त्याच्यासमोर ती उभी होती, आणि तिच्या पाठीत मला उतरवून घ्यायचं बळ उरलं नव्हतं. मला सगळं कळत होतं. आज उतरले तर उद्या मी गोधडीवर टाके घालत बसणार, हेही कळत होतं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

"उतरते ना काका," मी म्हणाले. "पर मला उतरता येत न्हाई. माझे पाय न्हाईत चालत. तुम्ही उतरवून घ्या. आन मंग उचलून शाळेपर्यंत न्या. जल्दी करा, घंटा व्हईल."

आणि मी दोन्ही हात त्याच्याकडं पसरले, लहान पोर पसरतं तसे.

त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. मग मागं वळून बघितलं. मागच्यानं आणखी मागं बघितलं. दहा-बारा धडधाकट बाप्ये, रोज ज्वारीची पोती उचलणारे. एका पोरीला शिवायला एकही पुढं आला नाही. आमचा हात घोडीला लागलेला चालतं, गवताला चालतं, आम्ही खुरपलेल्या पिकाला चालतं. माझ्या हातांना कुणाचा हात लागला नाही. भुरभुर पाऊस माझ्या तळव्यांवर पडत होता.

तेवढ्यात मायनं डबा वर घेतला आणि काठीचा दणका दिला. मग ठेका धरला, अगदी बराबर, वरातीतला. घोडीनं मान हलवली आणि पाऊल उचललं. ती थेट त्यांच्या अंगावरच निघाली, तिला काय ठाऊक कोण मालक आणि कोण मजूर. आधी काठ्या बाजूला झाल्या, मग माणसं. मालक शेवटी सरकला.

त्या हंगामात त्यानं मायला कामाला बोलावलं नाही. ती मग दुसऱ्या गावच्या शेतांत जायची, पाठ धरून, चार मैल चालत. एकदाही मला बोलली नाही की तुझ्यामुळं. चाचांच्या दाराशी दोघं-तिघं जाऊन दमदाटी करून आले. पण माझ्या मागून त्या बहिऱ्या मुलीलाही शाळेत घातलं, आणि आम्ही दोघी पुढं-मागं बसून त्याच आळीतून जाऊ लागलो. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई आली, तरी घोडी आम्हाला मिळायचीच, वराती संध्याकाळच्या आणि शाळा सकाळची. गाव बघायचं आणि तोंड फिरवायचं. फिरवू दे की! आम्ही काय त्यांची तोंडं बघायला जात होतो?

हा प्रसंग मी सांगते तेव्हा लोक टाळ्या देतात. काय डोकं चालवलंस, म्हणतात, बरोब्बर पेचात पकडलंस त्यांना! मला तेव्हाही राग आला होता आणि ह्या कौतुकानं आणखी येतो. डोकं कसलं चालवलं? मी अकरा वर्षांची होते, घोडी उंच होती, आणि मला खरोखर कुणीतरी धरून खाली घ्यायला हवं होतं. मी हात खरेच पसरले होते. कुणी ते धरले नाहीत, तेव्हा मी ते घोडीच्या आयाळीत घातले आणि शाळेत गेले.