तिनं शून्यच भरलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आईला तर नाहीच. आईला कळलं असतं तर ती त्याच पावली जिना चढून वैशालीताईच्या दारात उभी राहिली असती. मला तो जिना इतक्या वर्षांत चढता आला नाही. चढलो — पुष्कळदा चढलो — पण हे सांगायला नाही.

सुरुवात कामापासून करतो. कामाबद्दल बोलायला मला सोपं जातं, म्हणून.

मी वेबसाइट आणि अॅप बनवतो. परळच्या हॉस्पिटलांत गावोगावचे पेशंट येतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि राहायचं कुठे हा प्रश्न आजाराइतकाच मोठा असतो. आसपास धर्मशाळा आहेत, पण कुठे जागा आहे ते दारात गेल्याशिवाय कळत नाही. एका ट्रस्टनं ठरवलं की हे लोकांना गावात बसूनच मोबाइलवर कळलं पाहिजे. ते काम मला मिळालं. मिळालं म्हणजे — वैशालीताईनं मिळवून दिलं.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत ती वरच्या मजल्यावर राहायची. संध्याकाळी विहारात अभ्यासिका चालायची, तिथं आम्हा पोरांना ओळीनं बसवून गप्प करणारी ती. दहावीचं गणित तिनं माझ्याकडून अक्षरशः मानेवर बसून करून घेतलं. पुढे ती यातल्याच एका धर्मशाळेच्या ऑफिसात लागली. नवरा लवकर गेला, प्राची लहान. घर तिच्या एकटीच्या पगारावर. ट्रस्टला माणूस हवाय म्हटल्यावर तिनं माझं नाव सुचवलं. "आमच्या चाळीतला पोरगा आहे, खोटं बोलणाऱ्यातला नाही," असं तिनं त्यांना सांगितलं होतं. मला हे तिनंच नंतर हसत हसत सांगितलं.

आता थोडं यंत्राचं बोलावं लागेल. मी जी व्यवस्था उभी केली तिला आमच्या धंद्यात हेडलेस सीएमएस म्हणतात. म्हणजे काय, तर सगळी माहिती एका जागी ठेवायची आणि तिथून हवी तिकडे पाठवायची — लोकांच्या मोबाइलवर, वेबसाइटवर, हॉस्पिटलजवळच्या मदत खिडकीतल्या स्क्रीनवर. धर्मशाळांचे पत्ते, नियम, फोटो हे ट्रस्टचे लोक स्वतः त्यात भरायचे. पण रिकाम्या खोल्यांचा आकडा बाहेरून यायचा. प्रत्येक धर्मशाळेचं आपापलं सॉफ्टवेअर होतं. तिथं सकाळी कुणीतरी आकडा भरायचं, आणि माझी जोडणी तो उचलून आणायची. वैशालीताईच्या धर्मशाळेत तो आकडा ती भरायची.

जोडण्या तुटतात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. समोरच्यानं पासवर्ड बदलला, त्यांचं इंटरनेट गेलं, काहीही होतं. ट्रस्टच्या लोकांना पहिल्यांदा काम दाखवत होतो तेव्हाही तुटली. खोल्यांच्या जागी पांढरी पाटी. मोठे विश्वस्त पाटणकर सर चष्मा काढून म्हणाले, "हे असं लोकांना दिसणार का?" घरी येऊन मी सोय करून टाकली — जोडणी तुटली तर शेवटचा आलेला आकडा दाखवत राहायचं. पान रिकामं दिसणार नाही.

इथवर ठीक होतं असं कुणीही म्हणेल. बरेच जण असं करतात. पण आकड्याखाली एक ओळ होती — माहिती केव्हाची, ते सांगणारी. आकडा जुना असला की तिथं जुनी वेळ यायची आणि ते — काय सांगू — वाईट दिसायचं. आपलं काम बंद पडल्यासारखं. म्हणून मी तिथं आकडा केव्हाचा ते दाखवणं काढलं आणि माझ्या जोडणीनं शेवटचा प्रयत्न केव्हा केला ती वेळ दाखवायला लागलो. प्रयत्न फसला असला तरी. म्हणजे आठवड्यापूर्वीचा आकडासुद्धा 'आज सकाळची माहिती' म्हणून दिसणार. हे चुकून झालं नाही. मी बसून, विचार करून, हातानं लिहिलं.

लोक तो आकडा बघून गाडी पकडणार आहेत, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं का? आलं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

मग एके दिवशी वैशालीताईच्या धर्मशाळेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपनीनं पासवर्ड बदलला. तसा मेल मला आला होता. मी तो वाचला, उद्या करू म्हटलं, आणि विसरलो. जोडणी तुटल्याचा इशारा फोनवर वाजायचा. तो फार वाजतो म्हणून मी आधीच बंद केलेला. तिकडे स्क्रीनवर चार खोल्या रिकाम्या दिसत राहिल्या. रोज. रोज आजची तारीख लावून.

त्या दिवसांत किती जण येऊन परत गेले असतील मला ठाऊक नाही. ज्यांचं ठाऊक आहे ते विष्णू आणि कावेरी, नवरा-बायको. जालन्याकडचे. कावेरीचे कॅन्सरचे उपचार चालू होते, पुढच्या औषधासाठी बोलावलं होतं. गेल्या खेपेला जागेवाचून हाल झाले होते म्हणून या वेळी विष्णूनं गावातूनच मोबाइलवर बघितलं, चार खोल्या मोकळ्या दिसल्या, आणि तो तिला घेऊन निघाला. पोचले तेव्हा एकही खोली नव्हती. दुसरीकडेही मिळाली नाही. पुलाखाली, चादर अंथरून राहिले. अंगात प्रतिकारशक्ती नसलेली बाई, परळच्या त्या धुळीत. तिला ताप भरला. डॉक्टरांनी औषध पुढे ढकललं.

विष्णू धर्मशाळेच्या ऑफिसात येऊन उभा राहिला. आरडाओरडा केला नाही म्हणतात. फोन टेबलावर ठेवला. त्यात त्यानं फोटो काढून ठेवलेला — चार खोल्या, खाली आजची सकाळ. "बाई, हे तुम्हीच भरता ना?" त्यानं विचारलं. वैशालीताई म्हणाली, हो.

ही गोष्ट ट्रस्टपर्यंत गेली. धर्मशाळेत आधीपासून कुजबुज होतीच की खोल्या ओळखीच्यांना आतल्या आत दिल्या जातात. आता तर पुरावाच सापडला. बाहेर चार दाखवायच्या आणि आत कुणाला तरी देऊन टाकायच्या — दुसरं काय असणार?

मलाही बैठकीला बोलावलं. निघायच्या आधी सकाळी मी कॉम्प्युटर उघडला आणि मला पाच मिनिटांत सगळं दिसलं. तो मेल. तुटलेली जोडणी. मी तिथंच बसून नवा पासवर्ड घातला. जोडणी सुरू झाली, आकडा बरोबर यायला लागला. मग अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो.

हे वाचताना तुम्हाला वाटेल, घाबरला असेल बिचारा. घाबरलो होतोच. पण हात थरथरत नव्हते. शर्टाची बटणं मी नीट लावली होती.

बैठकीत वैशालीताई भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. मी आत आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. आपलं माणूस आलं. ती उठून म्हणाली, "सर, मी शून्य भरलं होतं. सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या, मी चार कशाला भरू? विचारा ना याला. यंत्रातलं याला कळतं."

तिच्या इथल्या सॉफ्टवेअरमध्ये आदल्या दिवशीचा आकडा राहायचा नाही. नवा भरला की जुना पुसला जायचा. म्हणजे तिनं काय भरलं हे सांगू शकणारा माणूस त्या खोलीत एकच होता.

पाटणकर सरांनी विचारलं, "तुमच्याकडे काही गडबड होऊ शकते का?"

मी म्हणालो, "सर, तिकडून जे येतं तेच इकडे दिसतं."

एवढंच. पुढे कुणी मला काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. चार दिसलं म्हणजे चार भरलं. आणि खाली 'आज सकाळची माहिती' ही माझी ओळ होतीच साक्षीला. वैशालीताई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही — मी अजून काहीतरी बोलेन म्हणून. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासवरचं झाकण काढलं, पाणी प्यायलो, झाकण परत ठेवलं.

तिला काढलं नाही. राजीनामा दे म्हणाले. तेवढी माणुसकी दाखवली असं सगळे म्हणत होते.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं — की माझा गुन्हा म्हणजे ते एक वाक्य. पण त्याहून वाईट पुढे आहे. ते मी मनातसुद्धा नीट उच्चारलेलं नाही.

काही दिवसांनी, रविवारी दुपारी, वैशालीताई आमच्याकडे आली. आई आत भात लावत होती. ताई कठड्याला टेकून माझ्याशेजारी उभी राहिली. नोकरीबद्दल काही बोलली नाही. बराच वेळ खाली खेळणाऱ्या पोरांकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "सिद्धू, खरं सांग हां. माझ्याच हातून चार पडलं असेल का रे? मला तर शून्य आठवतंय. पण यंत्र कशाला खोटं बोलेल? ती बाई, ती कावेरी — माझ्यामुळे झालं असेल तर मला कळायला पाहिजे."

बघा. त्या वेळी तिथं विश्वस्त नव्हते. माझं काम जाणार नव्हतं. तिनं भांडण काढलं नसतं, मला हे पक्कं माहीत होतं. ती फक्त स्वतःबद्दलची खरी गोष्ट मागत होती, आणि ती माझ्याकडे होती.

मी म्हणालो, "होतं गं ताई कधी कधी. घाईत होतं माणसाकडून."

तिनं मान हलवली. "हो ना," म्हणाली. "झालं असेल." आणि तिचे डोळे भरले. मग आईनं हाक मारली तशी ती आत गेली, आणि मी तिला आईला सांगताना ऐकलं, "माझंच चुकलं हो काकू. सिद्धू पण तेच म्हणतो."

मी तिची नोकरी घेतली, ते एक. पण त्या दुपारी मी तिच्याकडून तिची स्वतःची आठवण काढून घेतली. तिनं शून्य भरलं होतं आणि तिला ते आठवत होतं. आणि मी तिला पटवलं की तसं नव्हतं.

नंतर ती चिंचपोकळीला एका वर्कशॉपमध्ये माल पॅक करायला जायला लागली. अजून जाते. आकड्याखालची ती ओळ मी गुपचूप बदलली. आता खरी वेळ दिसते. ट्रस्टचं काम बघून मला आणखी कामं मिळाली, मी दादरला घर घेतलं. कावेरीचं पुढे काय झालं? मला माहीत नाही. विष्णूचा नंबर माझ्याकडे होता, तक्रारीबरोबरच आला होता. मी कधी फोन केला नाही. 'माहीत नाही' हे माझ्यासाठी सोयीचं उत्तर आहे आणि मी ते जपून ठेवलंय.

वैशालीताई बदलली. चाळीत सगळ्यांना ते वयामुळे वाटतं. गॅस बंद केला का, हे ती प्राचीला तीनदा बघायला लावते. विहाराच्या कार्यक्रमाच्या वर्गणीचा हिशेब वर्षानुवर्षं तिच्याकडे असायचा. तो तिनं सोडला. "माझा भरवसा नाही," म्हणते. हसून म्हणते. जिनं मला वजाबाकी तपासून बघायला शिकवलं, ती आता सुटे पैसे दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोजायला सांगते.

मी हे तिला आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला आधी सांगतोय. यातसुद्धा मी सोपी बाजू निवडली, हे मला दिसतं.

गेल्या महिन्यात आईला भेटायला चाळीत गेलो होतो. चाळ आता पाडणार आहेत, नव्या इमारतीतल्या घरासाठी सगळ्यांना मोबाइलवर माहिती भरून द्यायची होती. वैशालीताईनं मला वरूनच हाक मारली. मी गेलो. तिनं चहा ठेवला आणि आपला फोन माझ्या हातात दिला.

"तूच भर रे बाबा," ती म्हणाली. "माझ्याकडून परत काहीतरी भलतंच पडेल."

मी फॉर्म उघडला. तिचं नाव भरलं, तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव भरलं, प्राचीचं भरलं. सगळं झाल्यावर फोन तिच्यापुढे धरला, एकदा वाचून घे म्हणालो. तिनं चष्मा शोधलासुद्धा नाही. "तू भरलंयस ना," म्हणाली, आणि कप माझ्याकडे सरकवला. मी चहा प्यायलो आणि खाली आलो.